परत मागितलेली टोपी

शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर आप्पा गुरुजी एसटीतून उतरले की चहावाला आधी त्यांच्यासाठी कप विसळायला घेतो आणि मग विचारतो, "काय म्हणतंय वो गुरुजी? होतंय का तिसरं?"

तिसरं म्हणजे तिसरं महायुद्ध. जगाच्या पाठीवर कुठंही दोन देशांनी एकमेकांवर डोळे वटारले, टीव्हीवर विमानांचे बाण इकडून तिकडं जायला लागले, की आजूबाजूच्या चार गावांतली माणसं गुरुजींना गाठतात. जणू लढाई सुरू करायच्या आधी ते देश गुरुजींना एक फोन लावणार आहेत.

गुरुजी घाई करत नाहीत. चहा बशीत ओततात, फुंकर मारतात, मिशी सांभाळून एक घोट घेतात.

"पंगत उठली का अजून?"

"न्हाई."

"मग बसा निवांत. एकटा-दुकटा उठून गेला तर तिला लढाई म्हणतेत. सगळी पंगत उठली की महायुद्ध."

हे उत्तर पाठ झालंय सगळ्यांना. तरी विचारतात, कारण ते गुरुजींच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.

आप्पासाहेब हे त्यांचं खरं नाव. शिरूर आणि निलंग्याच्या मधल्या एका गावात, तिथल्याच हायस्कुलात, उभी नोकरी त्यांनी इतिहास शिकवला. निवृत्त होऊन आता दोन उन्हाळे झाले. पण मुलखात त्यांची ओळख वेगळीच. लग्नात माइक त्यांच्या हातात असतो. कोण कुठून आलं, कुणाच्या सत्काराला कुणाला पुढं बोलवायचं, नवरदेव मारुतीच्या पारावरून निघाला की अजून फोटोच काढून राहिलाय, हे सगळं मंडपाला कळतं ते गुरुजींच्या आवाजात. हातात चिठ्ठी नाही. शे-दीडशे नावं जिभेवर, मानाच्या क्रमानं, गावासकट. माइक हातात आला की ते 'हॅलो, हॅलो' करत नाहीत. दोन फुंकरा मारतात आणि विचारतात, "मंडळी, आवाज येऊन राहिला का मागं?" मागून पोरं ओरडतात, "येऊन राहिला." मग कार्य सुरू.

या कामाचा मोबदला म्हणजे टॉवेल आणि टोपी. इकडं लग्नात पाव्हण्याचा मान करायचा तो असाच. खांद्यावर टॉवेल टाकायचा, डोक्यावर पांढरी टोपी ठेवायची, हात जोडायचे. प्रत्येक लग्नात शेवटचा सत्कार गुरुजींचा. त्यामुळं घरातली एक लोखंडी पेटी टोप्यांनीच भरलेली.

"घरात डोकं एक," कस्तुराबाई म्हणायच्या, "आणि टोप्या पोत्याभर. टॉवेलाचं निदान फडकं तरी होतंय. ह्यांचं मी करू काय? लोणच्याच्या बरण्या झाकू?"

"शाळेत लागतेत."

"शाळेत कशाला?"

"युरोपला घालायला."

कस्तुराबाई कपाळाला हात लावायच्या, पण खोटं नव्हतं ते. महायुद्धाचा धडा आला की गुरुजी पिशवीत टोप्या आणि टॉवेल भरून वर्गात जायचे. पोरांना आदल्या दिवशीच सुगावा लागलेला असायचा. मरायची भूमिका मिळावी म्हणून भांडणं व्हायची, कारण मेलं की तासभर फरशीवर आडवं पडता यायचं.

"ऊठ रे, तू जर्मनी. तू ऑस्ट्रिया. हे दोघं सोयरे." गुरुजी एकाच्या हातानं दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी ठेवायला लावायचे आणि दोघांच्या खांद्यावरच्या टॉवेलांची टोकं एकमेकांना बांधायचे. "टोपी घातली का? आता त्याचं भांडण ते तुझं भांडण. त्यो उठला की तू उठायचं. कामून म्हणून इचारायचं न्हाई."

"आन मी, गुरुजी?"

"तू रशिया. ह्यो सर्बिया, तुझा भावकीतला. आन तू फ्रान्स, रशियाचा सोयरा. इंग्लंड तिकडं खिडकीत बसंल, पाण्यापलीकडं, आपला काय संबंध न्हाई असं तोंड करून." मग आवाज खाली आणून, "आन गंमत सांगू का? जर्मनीचा बादशहा इंग्लंडच्या राजाचा आतेभाऊ. रशियाचा राजा त्याचाच मावसभाऊ. एकमेकांच्या घरी उन्हाळ्यात जेवलेले लोक हायेत हे. बाहेरून कोण आलं न्हवतं भांडायला."

मग ऑस्ट्रियाचा युवराज मारला जायचा. तो पोरगा धाडकन पडायचा. ऑस्ट्रिया उठला, तसा बांधलेला जर्मनी ओढला गेला. सर्बियाकडून रशिया उठला, रशियानं फ्रान्सला ओढलं. बाकं सरकायची, कुणाची टोपी पडायची, हसून हसून पोरं वाकायची. मग गुरुजी हात वर करायचे आणि वर्ग गप्प व्हायचा.

"आता ऐका. शेवटच्या घडीला जर्मनीचा बादशहा घाबरला. म्हणाला, अर्धं तरी थांबवा. सेनापती म्हणाला, साहेब, न्हाई जमत. रेल्वेगाड्या ठरल्यात, टायमटेबल निघालंय. माणसं बसल्यात डब्यात. बगा बाळांनो, कुणालाच एवढं नको व्हतं. पण गाड्या सुटल्या. आपल्या निजामाचे घोडेस्वारसुद्धा सातासमुद्रापलीकडं जाऊन लढले. त्यांचं काय भांडण व्हतं? कुणाची टोपी कुणाच्या डोक्यावर, आन जीव कुणाचा."

एका वर्षी या वर्गात अयोध्या होती. संगमेशची पोरगी; दोन वेण्या, तोंड अखंड चालू. तिला बेल्जियम दिला होता. बेल्जियमला टोपी नाही, कुणाशी गाठ नाही. तरी जर्मनी फ्रान्सकडं जाताना तिच्या बाकावरून, तिच्या दप्तरावर पाय देऊन गेला.

"गुरुजी, हे माझ्या दारातून कामून जायलेत? मी काय केलंय?"

"काय न्हाई बाळ. तू वाटंत हायस."

अयोध्यानं दप्तर झटकलं. घुश्श्यातच विचारलं, "मग ती टोपी परत घेता येत न्हाई का? ज्यानं दिली त्यानं म्हणायचं, आण इकडं, चुकून दिली."

वर्ग हसला. गुरुजीही हसले. "दिलेला मान परत घेत न्हाईत, अयोध्या. तीच तर पंचाईत हाय."

"मग देताना इचारून द्यायचा," ती म्हणाली आणि बसली.

त्या अयोध्याचं लग्न ठरलं. मुलगा नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचा. त्याचे वडील हनुमंतराव मवाळ माणूस; बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या गुंडीकडं बघणारे. सगळं जमलं होतं. अडचण एकच होती आणि ती शेजारच्या घरात राहत होती.

संगमेश आणि बसवंत सख्खे भाऊ. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघांच्या बायका समोरासमोरच्या पॅनलला उभ्या राहिल्या. कुणीतरी बॅनरवरून बसवंतचा फोटो कापला. कुणी कापला ते आजतागायत निघालं नाही, पण दोन्ही घरांतलं बोलणं मात्र गेलं. भिंत एक, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कित्येक वर्षं अबोला. अयोध्या लहान असताना ज्या काकाच्या सायकलवर पुढच्या नळीवर बसून शाळेत जायची, तो काका तिला बघून मान वळवायचा. मग वळणावर थांबून पाठमोरीकडं बघत राहायचा. हे गुरुजींनी बघितलेलं.

म्हणून लग्नाच्या महिनाभर आधी गुरुजींनी तह केला. आधी संगमेशच्या ओट्यावर, मग बसवंतच्या. चहाचे इतके कप झाले की कस्तुराबाई म्हणाल्या, "तुमच्या पोटात आता दोन्हीकडचं दूध फाटंल."

बसवंतनं खूप वेळ ऐकून घेतलं. मग तुरीच्या काडीनं जमिनीवर रेघ ओढत म्हणाला, "येतो. पण पत्रिका घेऊन कुणी आलं तर दारातून परत."

गुरुजींना कळलं. पत्रिका पाव्हण्याला देतात. घरच्या माणसाला कुणी पत्रिका देत नसतं.

दुसऱ्या दिवशी अयोध्या एकटीच त्याच्या दारात गेली. हातात काही नव्हतं. म्हणाली, "काका, आपल्या घरी लग्न हाय." बसवंत म्हणाला, "ठावं हाय." मग आत जाऊन तोंड धुऊन आला. एवढ्यावर समेट झाला. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. बसवंतचा मेहुणा सिद्धराम, निलंग्याचा, फोनवर मात्र म्हणाला, "दाजी, तुम्ही जावा. आम्हीबी येतो. पण तिथं तुमच्या मानाला जरा जरी धक्का लागला तर आम्ही ताटावरून उठणार, हे आत्ताच सांगून ठेवतो." बसवंत म्हणाला, "हाव, हाव." प्रेमाच्या माणसाला दुसरं काय म्हणणार? हा शब्द दिला-घेतला गेला, आणि तो एक टॉवेल दुसऱ्या टॉवेलाला बांधला गेला, हे गुरुजींना ठाऊक नव्हतं.

लग्न शाळेच्याच मैदानात. ज्या वर्गात बेल्जियमवरून पाय पडले होते, तोच वर्ग नवरीच्या तयारीला दिलेला. फळ्यावर कुणीतरी रंगीत खडूनं कमळ काढलं होतं.

सकाळी संगमेश एका हातात गॅसची शेगडी आणि दुसऱ्या कानाला फोन अशा अवस्थेत गुरुजींच्या समोरून गेला. जाता जाता म्हणाला, "गुरुजी, सत्काराला बसवंतचं नाव घेऊ नका."

"कामून?"

पण तोवर तो आचाऱ्याकडं पोचला होता.

गुरुजींच्या मनात ते टोचून राहिलं. अजून अढी हाय म्हणजे, त्यांना वाटलं. भाऊ आला, पण पोटातलं गेलं न्हाई. मंडप भरत गेला. लोह्याच्या गाड्या आल्या. निलंग्याची माणसं लांबून आलेली, म्हणून त्यांना आधीच पहिल्या पंगतीला बसवलं. बाजूच्या लिंबाखाली पत्रावळ्या पडल्या, वरण-भात आला. बसवंत मंडपाच्या कडेला उभा. नवं धोतर, हात मोकळे, काय करावं ते न कळलेला. गुरुजींना त्याच्याकडं बघून भरून आलं. सत्कार सुरू झाले. एकेक पाव्हणा येऊन गेला. आणि मग, चिठ्ठी कधीच न घेणाऱ्या या माणसानं आपल्या मनानं एक नाव वाढवलं.

"आन आता, मंडळी, ज्यांच्या येण्यानं ह्या मंडपाची शोभा दुप्पट झाली, असे आपले बसवंतराव. त्यांचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार त्यांचे मोठे बंधू संगमेशराव यांनी करावा, अशी मी विनंती करतो."

टाळ्या पडल्या. संगमेश गोंधळून पुढं आला. इतक्या लोकांत थांबता येईना. त्यानं भावाच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली.

बायकांच्या बाजूला कस्तुराबाईंनी आधी बघितलं. त्यांचा पदर तोंडाशी गेला.

बसवंत हळूच, फक्त भावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. पण गुरुजींच्या हातातला माइक चालू होता आणि तो दोघांच्या मधोमध होता.

"आण्णा, मी पाव्हणा हाव का?"

कर्ण्यातून तो प्रश्न मैदानभर गेला, लिंबाखाली गेला, आचाऱ्याच्या चुलीपर्यंत गेला.

"आरं, मान हाय त्यो..." संगमेश चाचरला.

"मान पाव्हण्याला देतेत. पत्रिका नको म्हणलो व्हतो ते कशासाठी?" बसवंतनं टोपी फेकली नाही, टॉवेल झटकला नाही. ते तसंच अंगावर ठेवून म्हणाला, "ठीक हाय. पाव्हण्यानं येळेवर निघावंबी." आणि फाटकाकडं, आपल्या मोटरसायकलकडं चालायला लागला.

लिंबाखाली सिद्धरामनं भाताचा पहिला घास पत्रावळीवर परत ठेवला. "दाजी उठले. उठा रे."

निलंग्याची सगळी ओळ उठली. वाढलेल्या पत्रावळ्या तशाच.

अयोध्याचा मामा संगमेशच्या बाजूचा, तापट. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जाऊ द्या की. इतकी वर्षं न्हवते तर आमचं काय अडलं व्हतं?"

"कोण म्हणलं ते?" सिद्धराम हात न धुताच वळला.

इतक्यावर भागलं असतं, तर ते एका गावाचं भांडण राहिलं असतं. पण हनुमंतरावांचा जावई हा सिद्धरामचा चुलतभाऊ. लोह्याच्या माणसांत बसलेल्या त्या जावयानं चपला घातल्या. जावयानं चपला घातल्या हे बघून त्याच्या बाजूचे दहा-पंधरा उठले. आणि मग हनुमंतराव, ज्यांचा मुलगा मुंडावळ्या बांधून स्टेजवर बसला होता, तेही उठले.

गुरुजी धावत त्यांच्यापाशी गेले. "हनुमंतराव, तुमचा काय संबंध? तुम्ही तर नवरदेवाचे वडील."

हनुमंतराव गुरुजींच्या गुंडीकडं बघत म्हणाले, "संबंध काही न्हाई वो, गुरुजी. पण जावई उभा असताना मला बसता येत न्हाई. माझी पोरगी त्यांच्या घरात हाय."

मैदानाबाहेर क्रूझर चालू झाली. मग टेम्पो. मग दुसरी क्रूझर. इंजिनं गुरगुरत होती, पण गिअर कुणी टाकत नव्हतं. निलंग्याचे बसवंतकडं बघत होते, लोह्याचे निलंग्याच्यांकडं बघत होते, आणि स्टेजवर नवरदेव सगळ्यांकडं बघत होता. एक मोटरसायकल फाटकाबाहेर गेली असती, तर मागोमाग सगळंच गेलं असतं. अक्षता ताटात राहिल्या असत्या.

धडा गुरुजींनी इतक्या वर्षांत इतक्या वेळा लावला होता, आणि आज तो त्यांच्याच आवाजानं सुरू झाला होता. कुठं जावं ते न कळून ते आपल्या जुन्या वर्गात शिरले.

अयोध्या खिडकीशी उभी होती. हातात हिरवा चुडा, डोळे भरलेले, पण आवाज ताठ. "कोण कोण उठलं?"

"तुझा काका. मग सिद्धराम. मग लोह्याचा जावई." गुरुजींनी खिडकीबाहेर बघितलं. "मग तुझा सासरा."

"आन बेल्जियम हितं नटून बसलंय."

गुरुजी बाकावर बसले. "मी केलं बाळ हे. संगमेशनं सांगितलं व्हतं, नाव घेऊ नका म्हणून. मला वाटलं, पोटात अढी हाय अजून त्याच्या. म्हणलं, मीच मान देऊन टाकतो."

"अढी?" अयोध्या त्यांच्याकडं बघतच राहिली. "गुरुजी, माझ्या बापूंनी काकाला वाढपाला धरलं व्हतं. बुंदीची बादली काकाच्या नावानं बाजूला ठेवलीया सकाळपासून. घरच्या माणसाचा कुणी सत्कार करतंय का? म्हणून म्हणले ते, नाव घेऊ नका."

बाहेर कुणीतरी हॉर्न दिला. गुरुजींनी डोक्याला हात लावला.

"तुम्ही तव्हा म्हणला व्हता," अयोध्या हळूच म्हणाली, "दिलेला मान परत घेत न्हाईत."

"हाव."

"कोण म्हणलंय, घेत न्हाईत?"

गुरुजींनी विचार केला. कुठल्या पुस्तकात होतं ते? कुठल्याच नाही. तेच म्हणाले होते, आणि तेसुद्धा पोरं हसत होती म्हणून.

ते उठले. आधी आचाऱ्याकडं गेले. "बसवंतची बादली कुठली?" आचाऱ्यानं झाकलेली स्टीलची बादली दाखवली. कडीत पळी अडकवलेली. बादली जड होती. गुरुजी एका अंगानं वाकडे होऊन फाटकापर्यंत गेले.

बसवंत मोटरसायकलवर बसला होता. किल्ली लावलेली, किक मारलेली नाही.

"बसवंत, टोपी आण इकडं."

"काय?"

"टोपी आण म्हणलो. चुकून दिली. तुझ्या आण्णानं न्हाई दिली, मी दिली. त्यानं सकाळीच सांगितलं व्हतं, बसवंतचं नाव घेऊ नका. मला त्याचा अर्थ कळला न्हाई."

"कामून घेऊ नका म्हणला?"

गुरुजींनी बादली त्याच्या पायाशी ठेवली आणि झाकण काढलं. "ही सकाळपासून तुझी वाट बघायलीया. पाव्हण्याला वाढायचं कुणी? मी वाढू? माझी कंबर बघितलीस का?"

बसवंत बुंदीकडं बघत राहिला.

"न्हाई देत," तो म्हणाला.

"आरं..."

"हितं न्हाई देत. सगळ्या मंडपापुढं घातलीया, सगळ्या मंडपापुढं परत घ्या. मोटरसायकलपाशी कशाला?"

आता गुरुजींची पाळी होती. त्या मुलखात त्यांच्या माइकवरून गेलेलं नाव कधी चुकलं नव्हतं. कस्तुराबाई म्हणायच्या, देव चुकंल, पण ह्यांचा क्रम चुकायचा न्हाई. ते स्टेजवर गेले, माइक घेतला, दोन फुंकरा मारल्या.

"मंडळी, आवाज येऊन राहिला का मागं?"

मागून नुसता इंजिनांचा आवाज आला.

"गाड्या बंद करा जरा. ऐकू येत न्हाई." एक बंद झाली. मग दुसरी. "मंडळी, एक टोपी आज चुकीच्या डोक्यावर गेली. घातली संगमेशनं, पण चूक माझी. घरच्या माणसाला मी पाव्हणा म्हणलो. असं कुणी केलेलं मी ऐकलेलं न्हाई, पण ती टोपी मी परत मागून राहिलो. संगमेश, काढ ती."

संगमेश दोन पावलं पुढं आला आणि थांबला. "मी कशी काढू, गुरुजी? भावाच्या डोक्यावरची टोपी चारचौघांत काढायची म्हणजे... ती तर अजून वाईट गोष्ट."

ही नवी पंचाईत कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. मग बसवंतनं स्वतःच टोपी काढली, तिची घडी नीट केली आणि पायऱ्या चढून ती आप्पा गुरुजींच्या डोक्यावर ठेवली.

"घ्या," माइकजवळ तोंड नेत तो म्हणाला. "हितं पाव्हणे तुम्ही. बसा आता गुमान."

आधी बायका हसल्या. मग लोह्याकडचे. बसवंतनं खांद्यावरचा टॉवेल ओढून कमरेला करकचून बांधला, बादली उचलली आणि लिंबाखाली पत्रावळ्यांच्या ओळीशी जाऊन उभा राहिला. "बसा की वो. वाढायलोय."

सिद्धराम खरकटा हात तसाच धरून होता. "दाजी, उठायचं का बसायचं, एकदा ठरवून सांगा बरं. माणसाचं पोट हाय ते."

"बस."

निलंग्याचे बसले. ते बसले म्हणून जावयानं चपला काढल्या. जावयानं चपला काढल्या हे बघून हनुमंतरावांनी गुंडीवरची नजर उचलली, कितीतरी वेळानं माणसाच्या तोंडाकडं बघितलं आणि ते खुर्चीत टेकले. अयोध्याचा मामा एकटाच उभा राहिला होता, कुणाकडं बघावं ते न कळून. बसवंत बादली घेऊन त्याच्यापर्यंत गेला. पत्रावळी त्याच्या हातात दिली आणि पळीवर पळी ओतत राहिला.

"बास की," मामा म्हणाला.

"घ्या. इतक्या वर्षांची राहिलीया."

मुहूर्त कधीच टळला होता. भटजी म्हणाले, घड्याळात बघू नका. अक्षता पडल्या तेव्हा संगमेशच्या शेजारी बसवंत उभा होता, कमरेला टॉवेल, हात बुंदीनं चिकट. अक्षता त्याच्या बोटांनाच चिकटून बसल्या; टाकल्या तरी पडेनात. अयोध्या अंतरपाटाआडून ते बघून हसली, आणि मग तिला रडू आवरेना.

निघताना संगमेश टॉवेल-टोपी घेऊन गुरुजींकडं आला. "तुमचा सत्कार राहिला."

"झाला की," गुरुजी डोक्याला हात लावून म्हणाले. "तुझ्या भावानं केला."

घरी परतताना कस्तुराबाई वाटभर चार पावलं पुढं चालल्या. गुरुजींना वाटलं, रागावल्यात. दारात आल्यावर त्यांनी गुरुजींच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, दिव्याखाली धरून बघितली. एका कडेला बुंदीच्या पाकाचं बोट उमटलेलं.

"आता वर्गात काय सांगणार? पोरं बोलावतेत अजून तुम्हाला त्या धड्याला."

"सांगतो. टोपी परत मागता येते म्हणून."

"आन ती दिली न्हाई तर?"

गुरुजी खाटेवर बसले, पाय चोळत. "बादली तयार पाहिजे बुंदीची. नुसतं मागून भागत न्हाई."

कस्तुराबाईंनी पेटी उघडली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती टोपी पेटीत न टाकता खुंटीला अडकवली.

"का वो," त्या आतून म्हणाल्या, "त्या युरोपात बुंदी करतेत का?"

"न्हाई ना," गुरुजी म्हणाले.